वाचकांचे प्रश्न : लुगर पिस्तुलावरचा निळा आणि पिवळा रंग

प्रश्न : जर्मनीतील एका लष्करी संग्रहालयात पहिल्या महायुद्धातील लुगर पिस्तूल पाहिले. त्याची नळी व सांगाडा निळसर होता, पण चाप आणि काही कळा वाळक्या गवतासारख्या पिवळ्या होत्या. शेजारी ठेवलेले १९४० च्या सुमाराचे लुगर मात्र सगळेच काळे होते. पिवळ्या भागांना सोन्याचा मुलामा असतो का? निळा रंग कसा देत असत?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मुलामा मुळीच नाही. निळा काय किंवा पिवळा काय, दोन्ही पोलादाच्याच पृष्ठभागावर तयार झालेले ऑक्साइडचे थर आहेत. फरक ते घडवण्याच्या रीतीत आहे.

घरच्या विळीवर गंज दिसला की आपण ती घासायला धावतो. जुने कारागीर तोच गंज मुद्दाम चढू देत. तेलाचा अंशही राहणार नाही अशा रीतीने पोलाद स्वच्छ करून त्यावर आम्लयुक्त द्रावणाचा पातळ हात फिरवायचा, दमट कपाटात ठेवून तांबूस गंजाची साय धरू द्यायची आणि मग तो भाग स्वच्छ पाण्यात उकळायचा. उकळताना तांबड्या गंजाचे काळ्या, घट्ट चिकटून राहणाऱ्या मॅग्नेटाइटमध्ये रूपांतर होते. वर सुटलेली काजळीसारखी भुकटी तारेच्या बारीक ब्रशने झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. असे अनेक फेरे झाल्यावर जी मंद, खोल निळाई उतरते, तिची सर पुढच्या कोणत्याही झटपट पद्धतीला आली नाही, असे माझे मत आहे. उकळण्याची पायरी गाळली तर रंग तपकिरीच राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या ब्रिटिश बेकर रायफलींच्या नळ्या अशाच तपकिरी केलेल्या असत.

पिवळा रंग केवळ उष्णतेचा आहे. घासून चकचकीत केलेले पोलाद तापवत नेले, की सुमारे २२० ते २३० अंश सेल्सिअसला त्यावर फिकट पिवळी झाक येते आणि ३०० अंशांच्या आसपास ती निळी होते. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात त्याच कारणाने, म्हणजे थराच्या जाडीनुसार, हे रंग पालटतात. पिवळा थर फारच पातळ असल्यामुळे चापावर बोट टेकते तेथे तो सहसा झिजलेला आढळतो.

आता काळे लुगर. १९३७ मध्ये लुगर बनवणाऱ्या, जर्मनीतील ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्याने गंजाची वेळखाऊ पद्धत सोडली आणि कॉस्टिक सोडा व नायट्रेट क्षार यांच्या सुमारे १४० अंश तापमानाच्या द्रावणात भाग बुडवायला सुरुवात केली. कित्येक दिवसांचे काम त्यामुळे तासाभराच्या आत आले, आणि पिवळे ठेवले जाणारे छोटे भागही त्याच रंगाचे होऊ लागले. (हे द्रावण शिशाच्या डाकाला खाते, म्हणून डाक देऊन जोडलेल्या दुनळी बंदुकीच्या नळ्यांना आजही गंजाचीच पद्धत वापरावी लागते.)

पुन्हा संग्रहालयात गेलात आणि पिस्तूल उघडून मांडलेले असेल, तर सांगाड्याची आतली बाजू अवश्य पाहा. गंजाच्या पद्धतीत ती बहुधा उघड्या पोलादाची, पांढुरकी राहते, तर बुडवलेल्या पिस्तुलात आतही रंग पोहोचतो. १९१७ च्या शिक्क्याचे लुगर आतूनही काळे असेल, कडा गोलावलेल्या आणि शिक्के पुसट दिसत असतील, तर त्याला कोणीतरी नंतर घासून नव्याने रंग चढवला आहे, असे समजायला हरकत नाही.