‘बेपत्ता झालेले’ की ‘बेपत्ता केलेले’?

प्रश्न असा आहे: नेपाळमधल्या एका लेखाचं मराठी करताना ‘बेपत्ता पारिएका व्यक्तिको छानबिन आयोग’ याला ‘बेपत्ता झालेल्या व्यक्तींचा शोध आयोग’ म्हटलं तर चालेल का? आणि ‘सत्य निरूपण तथा मेलमिलाप आयोग’मधला मेलमिलाप म्हणजे समेट का?

पहिल्याचं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. नेपाळीत ‘बेपत्ता हुनु’ म्हणजे बेपत्ता होणं आणि ‘बेपत्ता पार्नु’ म्हणजे बेपत्ता करणं. ‘पारिएका’ म्हणजे ज्यांना कुणीतरी बेपत्ता केलं ते. तो कुणीतरी कोण, हे नावात नाही, पण तो आहे हे नाव सांगतं. आपलं ‘बेपत्ता झालेले’ नेमकं तेच पुसून टाकतं. मराठीत माणूस बेपत्ता होतो तो आपसूक. घरात काही न सांगता निघून गेला, अद्याप परतला नाही, मग पोलीस ठाण्यात ‘मिसिंग’ दाखल होते. नेपाळात १९९६ ते २००६ या काळात माओवादी आणि सरकार यांच्यातल्या लढाईत जे तेराशेहून अधिक लोक बेपत्ता आहेत, ते कुठे निघून गेलेले नाहीत. कुणाला सुरक्षा दलांनी उचलून नेलं, कुणाला माओवाद्यांनी.

तेव्हा ‘बेपत्ता केलेल्या व्यक्तींचा चौकशी आयोग’ असं लिहा. ‘करण्यात आलेल्या’ही चालेल, पण त्याला मंत्रालयाचा वास येतो. छानबिन म्हणजे नुसता शोध नव्हे, चौकशी. माणूस कुठे आहे एवढ्यावर ती थांबत नाही. कुणी नेलं, कुणाच्या हुकमावरून, हेही तिने काढायचं असतं. वर्तमानपत्री ‘सक्तीने बेपत्ता झालेले’ तर टाळाच. सक्तीने कुणी ‘होत’ कसं असेल?

‘निरूपण’ जसंच्या तसं ठेवू नका. आपल्याकडे निरूपण म्हटलं की बुवा, वीणा आणि पूर्वरंगातला अभंग डोळ्यांपुढे येतो. नेपाळी कायद्यात त्याचा अर्थ ‘खरं काय ते ठरवणं’ असा आहे. त्याला ‘सत्यशोधन’ हा शब्द सत्यशोधक समाज निघाला त्या १८७३ पासून आपल्या घरात आहे.

आता मेलमिलाप. समेट म्हणजे दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सोडून भांडण मिटवणं. तडजोड तर त्याहून उघडी. ज्याचा मुलगा नेला त्याने काय सोडायचं? म्हणून ‘सलोखा’ बरा. मात्र तोही निर्दोष नाही, आणि गंमत म्हणजे मूळ शब्दातही हाच दोष आहे. नेपाळात स्थानिक पातळीवर बांधाचे, उसनवारीचे, नवराबायकोचे तंटे मिटवणाऱ्याला ‘मेलमिलापकर्ता’ म्हणतात. आपल्याकडेही महसूल खात्याची ‘सलोखा योजना’ आहे, शेतजमिनीच्या ताब्याचे वाद मिटवण्यासाठी. म्हणजे दोन्ही शब्द बांधावरचेच. ते छळ आणि खुनाच्या प्रकरणांना लावले की पीडितांच्या कपाळावर आठी पडणारच. हे दोन्ही आयोग ज्याने नेमले त्या २०१४ च्या कायद्यात तर आरोपीने अर्ज केला तरी आयोग मेलमिलाप घडवू शकत होता. २०१५ च्या फेब्रुवारीत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पीडिताची संमती असल्याशिवाय ते चालणार नाही, आणि गंभीर गुन्ह्यांना माफीही नाही.

पश्चिम नेपाळमधल्या बर्दिया जिल्ह्याचं उदाहरण घ्या. सर्वाधिक माणसं बेपत्ता केली गेली ती इथली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने डिसेंबर २००८ मध्ये या जिल्ह्यावर स्वतंत्र अहवाल काढला. सरकारी दलांनी नेलेल्यांत बहुसंख्य थारू, म्हणजे तिथल्या आदिवासी समाजाचे होते. तराईत, म्हणजे दक्षिणेकडच्या सपाट पट्ट्यात, हिवताप आटोक्यात आल्यावर डोंगराळ भागातले लोक खाली उतरले, थारूंच्या जमिनी गेल्या, आणि कित्येक कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या कर्जापायी ‘कमैया’ झाली. (कमैयाला ‘सालगडी’ म्हणू नका. सालगडी वर्ष संपल्यावर निदान मालक बदलू शकतो. ‘वेठबिगार’ म्हणा.) कमैयांची मुक्ती जाहीर झाली १७ जुलै २००० ला, ऐन लढाईच्या काळात. इथे सलोखा म्हटलं की विचारावंसं वाटतं, तो आधी होता कधी? जमीनदार आणि कमैया यांच्यात बिघडलेलं काही सांधायचं नाही. बरोबरीचं नातं पहिल्यांदाच उभं करायचं आहे. ते काम आयोगाच्या नावात मावत नाही आणि त्याला मराठीत ‘समता’ हा वेगळा, स्वच्छ शब्द आहे. लेखात तो जिथे येईल तिथे त्याला सलोख्यात विरघळवू नका.

‘द्वन्द्वपीडित’ तुम्ही विचारलेला नाही, पण त्या लेखात तो ओळीओळीला भेटेल. आपल्याला द्वंद्व म्हणजे भीम-जरासंध किंवा मग समास. ‘संघर्षपीडित’ करा.