लेझरने कापलेल्या खाचा सैल बसतात, कर्फ कसा मोजायचा?

इंदूरच्या घरगुती गणपतीसाठी ३ मिमी एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाचा) सात मजली राजवाडा केलात आणि भिंती खाचांत हलतात, असं तुम्ही लिहिलंय. आकृती बरोबरच असेल. लेझर कापताना थोडा माल जाळतो, त्या फटीला कर्फ म्हणतात.

एकच फट मोजू नका, फसाल. १०० मिमी लांब पट्टी काढा, दर १० मिमीवर आडवी रेघ मारा आणि बाहेरच्या कडांसकट सगळं कापा. दहाही तुकडे एकमेकांना घट्ट भिडवून व्हर्नियरने (बारीक मापाच्या पट्टीने) मोजा. समजा ९८.४ मिमी भरले, तर उरलेल्या १.६ ला १० ने भागा: कर्फ ०.१६ मिमी.

खाचेत शीटची जाडी बसते आणि जाडी लेझरने कमी होत नाही. म्हणून आकृतीत खाचेची रुंदी जाडीतून पूर्ण कर्फ वजा करून ठेवा. दातेरी जोडात (एका तुकड्याचे दात दुसऱ्याच्या खाचांत बसतात तो) मात्र दात बारीक होतो आणि खाचही रुंदावते, सैलपणा दुप्पट! तिथे प्रत्येक कड अर्ध्या कर्फने तुकड्याच्या बाहेर सरकवा.

शीटची खरी जाडीही मोजा हं, ३ मिमी लिहिलेली नेमकी तेवढीच नसते. माल, वेग किंवा फोकस बदलला की पट्टी पुन्हा कापा.