मराठवाड्यातली माळरानं 2050 साली कशी असतील, हे हवामान मॉडेलवरून सांगता येतं का?

तुम्ही विचारलंय की एम.एस्सी.च्या प्रकल्पात बीड-धाराशिवच्या माळरानांवर हवामानबदलाचा काय परिणाम होईल याचा नकाशा काढायचा आहे, तर कोणतं मॉडेल घ्यावं आणि त्यावर किती भरवसा ठेवावा. मी याच भागातल्या गवताळ माळांवर काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कोणतं मॉडेल घ्यायचं याचा घोर थोडा कमी करा. त्याला पावसाबद्दल नेमकं काय विचारायचं, यावर जास्त वेळ घालवा.

तापमान वाढणार यावर सगळ्या मॉडेलांचं एकमत आहे. किती वाढणार ते उत्सर्जनावर ठरेल. पावसाचं तसं नाही. मान्सूनचा एकूण पाऊस वाढेल असं बहुतेक मॉडेलं दाखवतात, पण जागतिक मॉडेलची एक चौकट साधारण 100 किलोमीटरची असते. बालाघाटाचे डोंगर, गोदाकाठची काळी रानं आणि जायकवाडीचा नाथसागर जलाशय, सगळं तिच्यात मावतं आणि सगळ्यांना पाऊस सारखाच मिळतो. खरी अडचण त्याहून पश्चिमेला आहे. एवढ्या मोठ्या चौकटींत सह्याद्रीची उंची पुसली जाते, आणि आपला मुलूख तर त्याच्याच पर्जन्यछायेत आहे. म्हणून ते आकडे जसेच्या तसे उचलू नका. कॉर्डेक्स या आंतरराष्ट्रीय प्रकल्पातली दक्षिण आशियासाठीची प्रादेशिक, म्हणजे लहान चौकटींची मॉडेलं बघा. मॉडेलने दाखवलेला मागच्या तीसेक वर्षांचा पाऊस हवामान खात्याच्या 0.25 अंशाच्या (साधारण 27 किलोमीटरच्या) चौकटींतल्या दैनंदिन नोंदींशी ताडून बघा. त्या 1901 पासून उपलब्ध आहेत. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं मॉडेल सीएमआयपी-6 मध्ये, म्हणजे जगभरची हवामान मॉडेलं एकमेकांशी ताडणाऱ्या प्रकल्पाच्या सहाव्या फेरीत, सहभागी झालेलं पहिलं भारतीय मॉडेल, ते जरूर घ्या, पण सोबत आणखी चार-पाच हवीतच. त्यांचे निष्कर्ष जिथे फाटतात, ती जागा नकाशावर दाखवा, लपवू नका.

आता मुख्य मुद्दा. विद्यार्थी बहुधा मॅक्सेंट या सॉफ्टवेअरमध्ये (प्रजातीला कुठलं हवामान मानवतं याचा ते अंदाज काढतं) वर्ल्डक्लिम या जागतिक हवामान विदासंचातली 19 जैवहवामान चलं, म्हणजे पाऊस-तापमानाची मोजमापं, घालतात आणि प्रजातीचा नकाशा काढतात. ही सगळी चलं महिन्यांच्या सरासरीवरून काढलेली असतात. वर्षाचा पाऊस, सर्वात ओल्या तिमाहीचा पाऊस, सर्वात कोरड्या तिमाहीचा पाऊस, असं सगळं त्यात आहे. फक्त ऐन पावसाळ्यातला खंड नाही. आणि मराठवाड्यात सगळं खंडावर ठरतं! 21 दिवस पाऊस नाही म्हटलं की गावोगावी पीकविम्याच्या अग्रिमाची, म्हणजे आगाऊ भरपाईची चर्चा सुरू व्हायची. 2023 चा ऑगस्ट आठवा. एका रात्रीत 65 मिलिमीटरच्या वर कोसळलं की त्याच गावात अतिवृष्टीचे पंचनामे. महिन्याच्या सरासरीत हे दोन्ही एकमेकांत मिसळतं आणि महिना 'सामान्य' दिसतो.

गवताला मात्र तो सामान्य नसतो. मुरमाड माळावर मातीचा थर वीतभरही नसतो, त्यामुळे धो धो पडलेलं पाणी मुरण्याआधीच ओढ्याला लागतं. पहिल्या सरींवर उगवलेलं वर्षायू (एकाच वर्षात संपणारं) गवत लांब खंडात बी धरायच्या आतच करपतं. पवना आणि मारवेल ही गवतं बहुवर्षायू आहेत. त्यांचे बुडखे तग धरतात आणि पुढच्या पावसाला पुन्हा फुटतात, अर्थात चराईने ते आधीच झिजलेले नसतील तर. म्हणून रोजच्या पावसाच्या आकड्यांवरून स्वतःची चलं काढा. जून ते सप्टेंबरमधला सर्वात लांब खंड किती दिवसांचा, 65 मिलिमीटरच्या वरचे दिवस किती, आणि खंडाच्या काळात कमाल तापमान किती होतं. यातलं शेवटचं विसरू नका. ऊन वाढलं की तेवढ्याच खंडात ओल लवकर उडते.

दुसरी गोष्ट कार्बन डायऑक्साइडची. उद्योगपूर्व काळात तो सुमारे 280 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 280 भाग) होता, आज 420 च्या वर आहे. प्रकाशसंश्लेषणाच्या पद्धतीवरून वनस्पतींचे सी-3, सी-4 असे गट पडतात. आपली माळावरची बहुतेक गवतं सी-4 गटातली, त्यांना याचा फारसा लाभ नाही. सी-3 गटातल्या झुडपांना तो होतो, वेडी बाभूळ त्यातलीच. पाऊस अजिबात बदलला नाही तरी माळ झुडपी होऊ शकतो, आणि हे मॅक्सेंटला कळत नाही. त्यासाठी गतिशील वनस्पती मॉडेल, म्हणजे झाडा-गवतांची वाढ आणि स्पर्धा काळानुसार मोजणारं मॉडेल लागतं, तेही वणवा आणि चराई धरणारं. एम.एस्सी.च्या मुदतीत ते जमणार नाही, पण मर्यादा म्हणून स्पष्ट लिहा.

आणि प्रजाती निवडताना माळढोक नको. तो आपल्याकडून गेला तो ऊन वाढलं म्हणून नव्हे. शिकार झाली, माळ नांगरले गेले, वर विजेच्या तारा आल्या. आजच्या तुरळक नोंदी मॉडेलला दिल्या तर त्याला वाटेल की या पक्ष्याला फक्त जैसलमेरचंच हवामान मानवतं! काळविटाचंही थोडंफार तसंच. तो दिसतो तिथे हवामानाइतकाच लोकांच्या सहनशीलतेचा वाटा असतो. शिवाय पक्षी-प्राण्यांच्या नोंदी रस्त्यांलगत आणि नाथसागरासारख्या प्रसिद्ध ठिकाणी गर्दी करतात, मधले कित्येक तालुके कोरे राहतात. मॉडेल त्या कोऱ्या जागेला 'अयोग्य' समजून बसतं.

पवना घ्या. तो जागचा हलत नाही, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तुरा आल्यावर ओळखायला सोपा. पाटोदा, भूम, कळंबच्या माळांवर या मोसमात फिरा. पवना सापडला नाही त्या जागांचीही नोंद ठेवा, कारण 'नाही' हे उत्तर तयार विदासंचांत सहसा मिळत नाही. मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या धनगरांना विचारा. कोणत्या माळावरचा पवना कधी संपला हे त्यांना ठाऊक असतं, आणि भविष्याचा नकाशा काढण्याआधी तुमचं मॉडेल तेवढं तरी बरोबर सांगतं का हे तपासता येईल.