तारेतून माणूस जाईल एवढी फट

प्रश्न : काका, सोसायटीच्या मागच्या टेकडीवर सासूबाई आणि मी बारा वर्षं पहाटे फिरायला जातोय. दिवाळीनंतर तिथे काटेरी तार आली, गेट आलं, गेटला कुलूप. शेजारचे म्हणतात, जंगल सरकारचं म्हणजे आपलंच, तार वाकवा आणि जा. आमचा काही हक्क आहे की नाही?
– एक वाचक, म्हसरूळ, नाशिक

उत्तर : ताई, तार वाकवू नका. आधी टेकडी कुणाची ते बघा. गट नंबर काढून महाभूलेख या सरकारी वेबसाइटवर सातबारा पाहा. आपल्याकडे एकाच टेकडीची एक बाजू वनखात्याची आणि दुसरी खाजगी मालकाची असू शकते. खाजगी निघाली तर मालकाशीच बोलावं लागेल. वनखात्याची असेल तर राखीव की संरक्षित, हे विचारून घ्या. वनखात्यात नोकरीला लागलो तेव्हा साहेबांनी एक गोष्ट घोकून घेतली होती : राखीव वनात परवानगी नसेल ते सगळं बंद, संरक्षित वनात मनाई नसेल ते सगळं चालू. 1927 च्या वन कायद्याच्या 26व्या कलमाप्रमाणे राखीव वनात नुसतं विनापरवाना शिरणं हाही गुन्हा आहे. तेव्हा ‘सरकारचं ते आपलं’ हे शेजाऱ्यांपाशीच राहू द्या.

पण कुलूप तुमच्या पायांसाठी लावलेलं नसतं, हेही सांगतो. वनरक्षक असताना मीही अशीच एक टेकडी बंद केली होती. नवीन रोपं होती, गुरं तुडवायची. तिसऱ्या दिवशी बघतो तर तारेच्या खालच्या दोन पदरांत बाभळीचं बेचकं उभं करून बोळ केलेला, आणि काट्याला नऊवारीचा हिरवा धागा. गावातल्या म्हाताऱ्या वरच्या म्हसोबाला जायच्या. दंड कुणाला करू? शेवटी तार कापून दोन खांब रोवले आणि त्यांच्यामध्ये, हातभर मागे, तिसरा. माणूस अंग वळवून जातो, गाईला वळता येत नाही. शेळ्या मात्र आरामात जायच्या. त्यांच्यावरचा उपाय मला रिटायर होईपर्यंत सापडला नाही.

तुम्हीही तेच मागा. ‘गेट काढा’ असं लिहिलंत तर अर्ज फायलीत जाईल. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लिहा : पायी जाण्यापुरती फट आणि ठरलेली वेळ. वेळ लिहिताना पहाट नको, उजाडल्यावरची लिहा. बिबट्याचा दिवस आपल्या अंधारात असतो, आणि नाशिककरांना ते मी वेगळं सांगायला नको.

बदल्यात काय देणार, तेही लिहा. फेब्रुवारीपासून कुसळी गवत असं वाळतं की एका विडीने डोंगर जातो. जाळरेषा, म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढायला सोसायटीतली दहा माणसं दोन रविवार देऊ शकली, तर साहेब खुर्चीत पुढे सरकून अर्ज वाचतील. सातपूरच्या फाशीच्या डोंगरावर वनखात्याच्याच जमिनीवर 2015 पासून लोकांनी देवराई वाढवली आहे. एकदा सासूबाईंना घेऊन जाऊन या. पांडवलेणीखाली नेहरू वनोद्यानही आहे, पण तुम्हाला ते गावाचं दुसरं टोक, रोजचं जमायचं नाही.

अर्जावर पहिली सही सासूबाईंची घ्या. आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका.