लाल बटू ताऱ्याभोवती तप्त वायुग्रह असूच शकत नाही, मग एनजीटीएस-१बी कसा सापडला? सिद्धांत चुकला का?

'असूच शकत नाही' हे तुम्ही कुठे वाचलंत ठाऊक नाही, पण हे वाक्य मी फार जवळून ऐकलंय, म्हणून उत्तर लिहायला बसले.

लाल बटू म्हणजे सूर्याहून लहान, थंड आणि मंद तारा, आणि एनजीटीएस-१बी हा अशाच एका ताऱ्याजवळून फिरणारा गुरूसारखा वायूचा ग्रह. ग्रह कसे घडतात याचा सिद्धांत 'असूच शकत नाही' असं म्हणतच नाही. २००४ साली लाफलिन, बोडेनहायमर आणि अ‍ॅडम्स यांनी गणित मांडलं, त्यात म्हटलं होतं की लाल बटूंभोवती गुरूएवढे ग्रह कमी असतील. तारा हलका, तर त्याच्याभोवतीची वायू आणि धुळीची तबकडीही हलकी. शिवाय हलक्या ताऱ्याभोवती सगळंच संथ फिरतं, त्यामुळे कण एकमेकांना चिकटून मोठे व्हायला वेळ लागतो. वायू ओढून घेऊ शकेल असा, पृथ्वीच्या दहापट वस्तुमानाचा गाभा जमेपर्यंत तबकडीतला वायू निघून गेलेला असतो, कारण तो फार तर कोटीभर वर्षं टिकतो. अंदाज खराही ठरला. टेस या ग्रह शोधणाऱ्या अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून हजार लाल बटूंमागे जेमतेम दोन-तीन तप्त वायुग्रह निघतात. पण 'कमी' म्हणजे 'नाही' नव्हे, आणि माझं भांडण याच एका शब्दावरून झालं.

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी माझा प्रकल्प होता एका आकाश-सर्वेक्षणाच्या खुल्या डेटातून अधिक्रमणं, म्हणजे ताऱ्यासमोरून ग्रह जाण्याच्या घटना, शोधण्याचा. शेकडो प्रकाशवक्र (ताऱ्याचा प्रकाश वेळेनुसार कसा बदलतो याचे आलेख) चाळून झाल्यावर एका लाल बटूचा वक्र हाती लागला. दर दोन दिवस आणि काही तासांनी तीन टक्क्यांचा डिप, म्हणजे प्रकाशातली घट. सूर्यासमोरून गुरू गेला तर प्रकाश एकच टक्का कमी होतो, पण लाल बटू मुळात लहान, त्यामुळे त्याच्यापुढे तोच गुरू कितीतरी जास्त प्रकाश अडवतो. हे गणित मी रात्री दोन वाजता तीनदा केलं. मग एकाआड एक डिप वेगळे काढून त्यांची खोली ताडून पाहिली. दोन तारे एकमेकांना झाकत असतील, म्हणजे तो युग्मतारा असेल, तर बहुतेकदा एक डिप खोल आणि दुसरा उथळ येतो. माझे दोन्ही, गोंगाटाच्या मर्यादेत, सारखे होते. आकार मात्र इंग्रजी व्हीसारखा होता, ग्रहाच्या डिपचा सहसा असतो तसा तळ सपाट नव्हता.

सकाळी मार्गदर्शक सरांना दाखवलं. त्यांनी ताऱ्याचं तापमान पाहिलं, वक्राकडे ओझरतं पाहिलं आणि म्हणाले, "लाल बटू ना? मग युग्मतारा. पुढचा घ्या." मी केप्लर-४५बी पुढे केला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला होता, लाल बटूभोवती अडीच दिवसांत फिरणारा, गुरूच्या साधारण निम्म्या वस्तुमानाचा. सर म्हणाले, "एक सापडला म्हणून तुमचाही तोच का?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर काढायला दुर्बिणीचा वेळ लागत होता, आणि त्या अर्जावर सही करायला त्यांनी नकार दिला. प्रबंधातल्या तक्त्यात त्या ताऱ्यापुढे मी स्वतःच्या हातानं 'युग्मतारा' लिहिलं. मोजलं काहीच नव्हतं. ते मला अजून डाचतं.

२०१७ च्या शेवटी तुमचा एनजीटीएस-१बी जाहीर झाला. चिलीतल्या पॅरानलवर २० सेंटिमीटर व्यासाच्या बारा दुर्बिणी आहेत, त्यांनी तो पकडला. ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास, ग्रहाचं गुरूच्या आठ दशांश, फेरी २.६५ दिवसांची. आणि त्याचा डिप कसा होता? व्हीसारखा! ग्रह ताऱ्याच्या कडेला घासून जातो, म्हणून तळ सपाट होतच नाही. त्या लोकांनी आकार बघून तो टाकून दिला नाही, ताऱ्याचा अरीय वेग, म्हणजे आपल्या दिशेनं पुढे-मागे होण्याचा वेग, मोजला. ग्रहाच्या ओढीनं तारा सेकंदाला दीडशेहून थोडे जास्त मीटर मागेपुढे डोलत होता. तिथं दुसरा तारा असता तर हाच आकडा कित्येक किलोमीटरमध्ये गेला असता. आकारमानावरून हा निवाडा होत नाही, कारण सर्वांत लहान तारे साधारण गुरूएवढेच असतात. वस्तुमानच मोजावं लागतं.

पुढे एका मैत्रिणीनं तिच्या वेळेतल्या दोन रात्रींत माझ्या ताऱ्याचे वर्णपट घेऊन दिले. वेगात कित्येक किलोमीटरचा फरक आला. युग्मताराच निघाला. सरांना कळवलं तर उत्तर आलं, "मी म्हटलंच होतं." हो, म्हटलं होतं. पण दोन रात्रींत मिळणारं उत्तर अंदाजावर ठेवून त्यांनी विद्यार्थिनीला पुढचा तारा घ्यायला लावलं, हे मला तेव्हाही चूक वाटलं आणि आजही वाटतं. तीच सवय सगळ्यांना असती तर टीओआय-५२०५बी कोणी तपासला असता? सूर्याच्या चाळीस टक्के वस्तुमानाचा तारा, गुरूएवढा ग्रह, डिप जवळजवळ सात टक्के. किंवा २०२५ मध्ये आलेला टीओआय-६८९४बी: तारा सूर्याच्या एक पंचमांश, ग्रह शनीपेक्षा किंचित मोठा पण वजनानं त्याच्या निम्मा, आणि डिप सतरा टक्के. असा वक्र माझ्या सरांनी एका सेकंदात बाजूला सारला असता.

तुम्ही विद्यार्थी असाल आणि तुमचाही एखादा उमेदवार असाच कुणी उडवला असेल, तर वहीत त्याच्यापुढे 'मोजलेलं नाही' एवढंच लिहा. दुसरं कुणी काहीही लिहायला सांगितलं तरी.

आता सिद्धांत चुकला का? एनजीटीएस-१बीसाठी नाही, त्याचा तारा लाल बटूंमध्ये भारीतला आहे. खरी अडचण टीओआय-५२०५ सारख्या हलक्या ताऱ्यांची आहे. तशा ताऱ्यांच्या तबकड्यांत आपल्याला जेवढी धूळ दिसते, ती गाभा घडवायला पुरेशी वाटत नाही. काहींच्या मते तबकडी स्वतःच्या गुरुत्वानं फाटून ग्रह थेट बनतो. मला ते पटत नाही, पण हे माझं मत झालं, निकाल नव्हे. ग्रह दूर बनून आत सरकला, हे मात्र बहुतेकांना मान्य आहे.

सरांच्या बाजूनंही एक सांगायला हवं. लाल बटूवरचा खोल, व्हीच्या आकाराचा डिप बहुतेक वेळा युग्मताराच असतो, आणि दुर्बिणीचा वेळ खरोखर तुटपुंजा असतो.

'तप्त' या शब्दानंही फसू नका. लाल बटू मंद असतो, त्यामुळे एनजीटीएस-१बीचं गणितानं येणारं तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. सूर्यासारख्या ताऱ्यांजवळचे तप्त गुरू सहज हजारावर जातात. आणि त्याची त्रिज्या कुठे उद्धृत करणार असाल तर जपून करा. घासून जाणाऱ्या ग्रहाची त्रिज्या नीट मोजता येत नाही. परिभ्रमणकाळ आणि वस्तुमान बिनधास्त वापरा.