सायकल चालवणाऱ्यांना प्रोटीन बार खरंच लागतो का?

नाही, लागत नाही. मी परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट सायकलने चढतो, खिशात गूळ आणि शेंगदाणे असतात, बस.

चढावर पाय गळतात ते प्रोटीन कमी पडल्यामुळे नाही. स्नायूंमधली साठवलेली साखर संपत येते म्हणून. दीड-दोन तासांच्या वर चालवायची असेल तर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. दोन केळी खाल्ली की साधारण 50 ग्रॅम होतात. गुळाचा खडाही पोटात गेला की थोड्याच वेळात कामाला लागतो.

प्रोटीनचं काम नंतरचं, झिजलेले स्नायू भरून काढायचं. नियमित लांब पल्ला मारणाऱ्याला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे 1.2 ते 1.6 ग्रॅम पुरतं, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 72 ते 96 ग्रॅम. ते दिवसभराच्या जेवणात विभागून घ्या: तुरीचं वरण, झुणका-भाकर, दही, अंडी. मूठभर फुटाण्यांतही सहा-सात ग्रॅम मिळतं. आपल्याकडे तूर-हरभरा घरचाच असतो, त्यासाठी महागडा बार कशाला? शिवाय उन्हाळ्यात चॉकलेटचा थर वितळून कागदाला चिकटतो, खायच्या लायकीचा राहत नाही.

गावापासून लांब असाल, जेवायला उशीर होणार असेल, तर एखादा बार सोबत ठेवायला हरकत नाही. फक्त मागचा कागद वाचा, कित्येकांत साखरच जास्त असते.

आणि मे महिन्यात निघालात तर आधी पाण्याचं बघा, त्यात मीठ-लिंबू टाका.