क्ष² वन-वन आहे की नाही? आणि ऑन्टो नेमकं कसं ओळखायचं?

तू लिहिलंयस की दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं, आता मुंबईतच अकरावी सायन्स इंग्रजीतून चालू आहे. वर्गात सरांनी सांगितलं की क्ष² हे फल (फंक्शन) वन-वन नाही, आणि सरावाच्या पुस्तकात मात्र क्ष²च्याच एका उदाहरणाचं उत्तर 'वन-वन आहे' असं छापलंय. मग चुकलं कोण, आणि ऑन्टोसाठी नेमकं काय पाहायचं? अकरावीत आहेस म्हणून तुला 'तू' म्हणते.

दोघंही बरोबर आहेत. 'क्ष² वन-वन आहे का?' हा प्रश्नच अपुरा आहे. फल म्हणजे नुसतं सूत्र नव्हे. कुठून निघायचं तो संच, कुठे पोचायचं तो संच आणि जायचं कसं ते सूत्र, या तीन गोष्टी मिळून एक फल होतं. पहिला संच डोमेन, दुसरा को-डोमेन. डोमेनमधल्या दोन वेगळ्या संख्यांचं उत्तर कधीच सारखं येत नसेल तर फल वन-वन, आणि को-डोमेनमधली प्रत्येक संख्या कुणाचं तरी उत्तर म्हणून येत असेल तर ऑन्टो. यातलं एक जरी बदललं तरी फल बदललं, सूत्र अगदी तेच असलं तरी. मी दादरला अकरावी-बारावीचं गणित शिकवते. या धड्यात अडणारी बहुतेक मुलं सूत्राकडे बघत बसतात. उदाहरणाच्या पहिल्या ओळीत बाणाच्या (डोमेन → को-डोमेन) डावीकडे आणि उजवीकडे काय लिहिलंय ते वाचायचंच राहून जातं.

पुस्तकातल्या एक्स-वायच्या जागी मी क्ष आणि य लिहिते, आणि फलाला फ म्हणते. आता फ(क्ष) = क्ष² घेऊन बघ.

सर्व वास्तव संख्यांपासून सर्व वास्तव संख्यांपर्यंत घेतलं, तर ३ आणि −३ दोघांचंही उत्तर ९ येतं, म्हणून वन-वन नाही. शिवाय −५ हे उत्तर कधीच येत नाही, म्हणून ऑन्टोही नाही. तुझ्या सरांच्या डोक्यात हे फल होतं. नैसर्गिक संख्यांपासून नैसर्गिक संख्यांपर्यंत घेतलं, तर −३ मैदानातच नाही. दोन वेगळ्या नैसर्गिक संख्यांचे वर्ग वेगळेच येतात, म्हणून वन-वन. पण २, ३, ५ हे कुणाचेच वर्ग नाहीत, म्हणून ऑन्टो नाही. तुझ्या पुस्तकात बहुधा हेच असणार, पहिली ओळ पुन्हा वाच. आता डोमेन सर्व वास्तव संख्या ठेव आणि को-डोमेनमध्ये फक्त शून्य व धन संख्या घे: ऑन्टो झालं, वन-वन नाही. आणि दोन्हीकडे फक्त शून्य व धन संख्या घेतल्या की वन-वनही आणि ऑन्टोही. सूत्र एकच होतं आणि फलं चार झाली.

हे डोळ्यांसमोर आणायचं असेल तर दादरच्या शिवाजी मंदिरात नाटकाला बसलेले प्रेक्षक आठव. डोमेन म्हणजे आत आलेले प्रेक्षक, को-डोमेन म्हणजे नाट्यगृहातल्या सगळ्या खुर्च्या. प्रत्येकाला जागा मिळालीच पाहिजे, कुणी उभं नाही, आणि एकाने दोन खुर्च्या अडवायच्या नाहीत. एवढं पाळलं की ते फल झालं. खुर्च्या रिकाम्या राहिल्या तरी चालतं. एका खुर्चीवर आई आणि तिच्या मांडीवर पोरगं बसलं तरी ते फलच, फक्त वन-वन राहिलं नाही. एका खुर्चीवर एकापेक्षा जास्त कुणीच नाही, तर वन-वन. एकही खुर्ची रिकामी नाही, म्हणजे हाऊसफुल्ल, तर ऑन्टो. भरलेल्या खुर्च्या म्हणजे रेंज. रेंज आणि को-डोमेन एकच झाले की ऑन्टो, यापलीकडे त्यात काही नाही.

आता समज, त्या दिवशी बाल्कनीत कुणीच बसलेलं नाही आणि खालच्या सगळ्या खुर्च्या भरल्या आहेत. बाल्कनी मोजलीस तर प्रयोग हाऊसफुल्ल नाही. बाल्कनी बंदच आहे असं धरलंस तर तेच प्रेक्षक त्याच जागांवर बसून हाऊसफुल्ल. एकही माणूस जागचा हलला नाही, आपण फक्त खुर्च्यांची यादी बदलली. म्हणून को-डोमेन बघितल्याशिवाय ऑन्टोबद्दल एक शब्दही बोलता येत नाही. वन-वन तपासताना आपण प्रेक्षकांना विचारतो, 'तुझ्या खुर्चीवर आणखी कुणी आहे का?' ऑन्टो तपासताना खुर्चीपाशी जाऊन विचारतो, 'तुझ्यावर कुणी बसलंय का?' दोन प्रश्न दोन टोकांनी सुरू होतात, म्हणूनच त्यांच्या सिद्धताही वेगळ्या दिशांनी लिहाव्या लागतात.

आणि मुलांचे मार्क जातात ते याच लिखाणात.

वन-वन सिद्ध करताना सुरुवात अशी: अ आणि ब डोमेनमधले आहेत, आणि फ(अ) = फ(ब) आहे असं मानू. शेवट अ = ब वर आला पाहिजे. पुष्कळ मुलं उलटं लिहितात: 'अ = ब मानू, मग फ(अ) = फ(ब), म्हणून वन-वन.' हे प्रत्येक फलाबाबत खरंच असतं, कारण एकच संख्या दोनदा टाकली तर उत्तर तेच येणार. त्यातून काहीच सिद्ध होत नाही आणि गुण मिळत नाहीत. फल वन-वन नाही हे दाखवायचं असेल तर काम फार सोपं आहे: एक जोडी पुरे. फ(३) = फ(−३), पण ३ आणि −३ वेगळे. झालं. पानभर लिहायची गरज नाही.

ऑन्टोसाठी को-डोमेनमधला कोणताही य घ्यायचा, य = फ(क्ष) लिहून क्ष सोडवायचा, आणि मग मुलं हमखास विसरतात ती पायरी: सापडलेला क्ष खरोखर डोमेनमध्ये आहे का ते तपासायचं.

एक उदाहरण पूर्ण करते. फ(क्ष) = (२क्ष + ३)/(क्ष − १), डोमेन १ सोडून सर्व वास्तव संख्या. फ(अ) = फ(ब) मानू. तिरकस गुणाकार करून (२अ + ३)(ब − १) = (२ब + ३)(अ − १). कंस सोडवले की दोन्हीकडचे २अब आणि −३ उडतात, उरतं −२अ + ३ब = −२ब + ३अ, म्हणजे ५ब = ५अ, म्हणजे अ = ब. वन-वन.

आता ऑन्टो. य(क्ष − १) = २क्ष + ३, म्हणून क्ष(य − २) = य + ३, म्हणून क्ष = (य + ३)/(य − २). य जर २ असेल तर हा क्ष मिळतच नाही. म्हणजे को-डोमेन 'सर्व वास्तव संख्या' दिलं असेल तर उत्तर 'ऑन्टो नाही', आणि '२ सोडून सर्व' दिलं असेल तर ऑन्टो. पण त्याआधी ती शेवटची पायरी: हा क्ष चुकून १ तर होत नाही ना? (य + ३)/(य − २) = १ मानलं तर ३ = −२ येतं, जे अशक्य आहे. म्हणजे क्ष डोमेनमध्येच राहतो. ही एक ओळ लिहायचीच.

क्ष³ बद्दलही मुलं 'ते तर दोन्ही असतं' असं पाठ करून येतात. वास्तव संख्यांवर असतं. पूर्णांकांपासून पूर्णांकांपर्यंत ते वन-वन आहे पण ऑन्टो नाही, कारण २ हा कुठल्याच पूर्णांकाचा घन नाही.

आलेख काढता येत असेल तर जरूर काढ. को-डोमेनमधल्या प्रत्येक उंचीवर आडवी रेघ मार. रेघ आलेखाला जास्तीत जास्त एकदा छेदत असेल तर वन-वन, निदान एकदा छेदत असेल तर ऑन्टो. उत्तराचा अंदाज यायला हे फार छान, पण सिद्धता मागितली असेल तर आलेखावर थांबू नकोस. बारावीत डेरिव्हेटिव्हचे, म्हणजे फल किती वेगाने बदलतं त्या दराचे, उपयोग शिकल्यावर 'डेरिव्हेटिव्ह सगळीकडे धन, म्हणून वन-वन' असं लिहायचा मोह होईल. ते डोमेन सलग असेल तरच चालतं. टॅनचा डेरिव्हेटिव्ह त्याच्या डोमेनमध्ये सगळीकडे धन आहे, तरी टॅन ४५° आणि टॅन २२५° दोन्ही १ येतात, कारण ९०° ला त्याचं डोमेन तुटतं.

हे सगळं कशासाठी, असं तू विचारलं नाहीस, तरी सांगते. फल उलटं फिरवायचं असेल, म्हणजे उत्तरावरून मूळ संख्या शोधायची असेल, तर ते वन-वन आणि ऑन्टो दोन्ही असावंच लागतं. कॅल्क्युलेटर डिग्रीवर ठेवून साइन इन्व्हर्समध्ये ०.५ टाक. तो ३० दाखवेल, १५० कधीच दाखवणार नाही, खरं तर साइन १५० सुद्धा ०.५ च आहे. साइन सगळ्या कोनांवर वन-वन नाही, म्हणून गणितज्ञांनी डोमेन −९० ते ९० अंशांपुरतं आवळलं आणि को-डोमेन −१ ते १ ठेवलं. बारावीच्या इन्व्हर्स ट्रिगोनोमेट्रीत ज्या मर्यादा पाठ कराव्या लागतात त्या इथून येतात. त्यामागचं कारण कळलं की पाठांतर निम्म्यावर येतं.

दोन्ही संच सांत (मोजून संपणारे) आणि सारख्याच संख्येचे असतील, जितके प्रेक्षक तितक्याच खुर्च्या, तर वन-वन असलं की ऑन्टो आपोआप होतं, आणि उलटही. अनंत संचांना हे लागू नाही. नैसर्गिक संख्यांवर फ(न) = न + १ हे वन-वन आहे, पण १ पर्यंत कुणीच पोचत नाही. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात दाखवलं होतं की प्रत्येक नैसर्गिक संख्येची तिच्या वर्गाशी जोडी लावता येते, म्हणजे वर्गसंख्या विरळ दिसत असूनही कमी पडत नाहीत. पुढे १८७४ मध्ये गेऑर्ग कँटर या जर्मन गणितज्ञाने सिद्ध केलं की नैसर्गिक संख्यांपासून वास्तव संख्यांपर्यंत ऑन्टो फल असूच शकत नाही. कसंही सूत्र घे, काही वास्तव संख्या सुटणारच. अनंतातही लहान-मोठं असतं ही कल्पना तू सध्या ज्या धड्यावर अडला आहेस त्यावरच उभी आहे. मला हा धडा इतका आवडतो तो यामुळेच.

आता एक स्वतः सोडव. फ(क्ष) = क्ष² + क्ष + १. आधी नैसर्गिक संख्यांपासून नैसर्गिक संख्यांपर्यंत, मग पूर्णांकांपासून पूर्णांकांपर्यंत. फ(अ) = फ(ब) मानलंस की (अ − ब)(अ + ब + १) = ० येईल. दुसरा कंस शून्य होऊ शकतो का, याचं उत्तर दोन्ही वेळा वेगळं आहे. पूर्णांकांसाठी ० आणि −१ टाकून बघ. ऑन्टोसाठी दोन्हीकडे २ येतं का ते शोध. कुठे अडलास तर ती ओळ इथे लिही, मी बघेन.